घरापासून मळ्यापर्यंत वायफाय

प्रश्न : घरच्या राउटरपासून मळ्यातील खोली सुमारे 300 मीटर आहे. तेथे लिनक्स संगणकाची वायफाय जोडणी वारंवार तुटते. उपाय सुचवावा. — एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : हे अंतर पाहता दोषाचा अल्पांशच लिनक्सकडे जाईल, तो प्रथम निकालात काढावा. ‘आयडब्ल्यू’ या साधनाने वायफायची वीजबचत बंद करावी, आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ती परत लागू होऊ नये म्हणून नेटवर्कमॅनेजरमध्येही तशीच तजवीज करावी. त्याच साधनाने संकेताची प्रबलता पाहावी. ती उणे 67 डीबीएमच्या आसपास असल्यास काम सुरळीत चालते, उणे 80 च्या खाली गेल्यास कोणत्याही आज्ञेची मात्रा चालत नाही. केवळ राउटरची शक्ती वाढवूनही भागत नाही, कारण संवाद दुतर्फा असून संगणकाचा क्षीण संकेत राउटरपर्यंत पोहोचणे तितकेच अगत्याचे असते.

सबब घराच्या छपरावर आणि मळ्यात परस्परांकडे रोखलेले दोन दिशादर्शी अँटेना-संच बसवावेत, व मळ्यातील संचापासून संगणकापर्यंत तार आणावी. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींना या अंतराच्या मध्यावर दृष्टिरेषेभोवती सुमारे 3 मीटर त्रिज्येचा मोकळा अवकाश लागतो. तेव्हा समोरचे टोक संत्र्याच्या झाडांवरून नुसते दिसले म्हणजे पुरे झाले, असे समजू नये. वैशाखात खिडकीत बसणारा पत्र्याचा, पाण्याने भरलेला कूलरही लहरींच्या वाटेत नसावा. राउटरच्या माहितीपुस्तिका विदर्भाचा उन्हाळा गृहीत धरीत नाहीत. अँटेनाच्या खांबाचे अर्थिंग मात्र मृगापूर्वी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.