तेल अवीवचे प्रदर्शन आणि आमची पाणीपट्टी

कोडोली पंचक्रोशीतून इस्राएल देशाची शेती पाहून आलेली मंडळी आता थोडी नाहीत. कोणी राज्य शासनाच्या अभ्यासदौऱ्यातून गेले, कोणी स्वखर्चाने गेले. मे २०१८ मध्ये तेल अवीव येथे ‘ॲग्रिटेक’ हे कृषितंत्राचे प्रदर्शन भरले, तेव्हा आम्हीही त्या मेळ्यात होतो. परतताना प्रत्येकाच्या पिशवीत माहितीपत्रकांचे ओझे होते आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, तो म्हणजे ही ठिबकाची नळी केवढ्यास पडते? प्रश्न विचारण्यातच आमची चूक झाली असे आता वाटते. त्या चुकीचे मोल आम्हांस रोख मोजावे लागले. सबब तिची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहो.

ठिबकाच्या धंद्याचा इतिहास थोडक्यात असा. सिम्खा ब्लास नावाच्या पाणी-अभियंत्याने थेंबाथेंबाने पाणी देण्याची युक्ती सिद्ध केली, आणि १९६५ साली नेगेव वाळवंटातील हात्झेरिम ह्या वसाहतीने त्याच्याशी करार करून ‘नेटाफिम’ हा कारखाना काढला. वसाहत म्हणजे तिकडचा किब्बुट्झ; जमीन, अवजारे व उत्पन्न सर्वांचे सामाईक. वाळवंटातील शेतीस काही जोडधंदा असावा, म्हणून त्यांनी ह्यात हात घातला. पुढे मागल व यिफ्ताह ह्या आणखी दोन वसाहती भागीदार झाल्या. अलीकडे त्या कंपनीचा बहुतांश हिस्सा मेक्सिकोतील एका कंपनीकडे गेला आहे, ती गोष्ट निराळी. पण मुळात हा धंदा शेतकऱ्यांच्याच सामाईक संस्थेने उभा केला. तात्यासाहेब कोरे ह्यांच्या पुढाकाराने शेजारच्या माळावर सहकारी साखर कारखाना उभा राहिला, हे ज्यांना ठाऊक आहे त्या वारणाकाठच्या शेतकऱ्यांस ह्यात नवल वाटणार नाही.

परंतु ह्या इतिहासातील एक सन प्रदर्शनाच्या दालनात कोणी सांगत नाही. नेटाफिमच्या दहा वर्षे आधी, म्हणजे १९५५ सालीच, त्या देशाने पाणी मोजून देण्याचा कायदा केला होता. १९५९ च्या कायद्याने तेथील सर्व पाणी सार्वजनिक मालकीचे ठरले. म्हणजे मीटर आधी आला आणि ठिबक मागाहून. ज्याला घनमीटरप्रमाणे पैसे भरावयाचे आहेत, त्याला पाणी वाचविणाऱ्या नळीची गरज कोणी पटवून द्यावी लागत नाही. आम्ही एका बागेत गेलो असता नळीची किंमत विचारली. बागवानाने उत्तर देण्याआधी आम्हांस मीटरच्या खोलीत नेले व तेथली आकड्यांची वही दाखविली. आम्ही ती सभ्यतेने पाहिली, मान डोलाविली आणि नळीचे छायाचित्र काढून बाहेर आलो!

गावी आल्यावर दोन एकर आडसाली उसास ठिबक बसविले. विक्रेत्याने नळ्या अंथरून दिल्या व तो जो गेला तो गेलाच. सरी आमची जुनीच, साडेतीन फुटांची; ठिबकास साडेचार ते पाच फूट अंतर ठेवले असता नळी कमी लागते व उसास हवा-उजेड मिळतो, हे कोणी सांगितले नाही. आषाढात नदीचे पाणी तांबडे झाले, जाळीची साधी गाळणी गाळाने भरली, तोट्या बुजल्या. काही नळ्या उंदरांनी कुरतडल्या. तथापि पाण्याची बचत खरोखरच झाली, कारण मोटार पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी वेळ चालू लागली. वर्षअखेर उपसा जलसिंचन संस्थेची पाणीपट्टी आली, ती मात्र एकराप्रमाणे. आमची आणि शेजारच्या तुडुंब सरी भरणाऱ्या बांधकऱ्याची अगदी सारखी. त्याने आम्हांस हसून विचारले, “पावणं, इस्राएलला जाऊन वाचविलं काय?”

ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर जळगावास मिळते. भवरलाल जैन ह्यांनी परदेशातील ठिबक पाहिले व १९८० च्या दशकात तो धंदा आपल्याकडे उभा केला. त्यांनी तिकडून नुसती नळी आणली नाही. शेताची मोजणी, आराखडा, बसविल्यावर शेतावर जाणारा कृषितज्ज्ञ, केळीसाठी ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपे, असा सर्व संच त्यांनी विकला. खानदेशातील केळीचा कायापालट त्या संचाने झाला. २००७ साली त्यांच्या कंपनीने ‘नानदान’ ह्या इस्राएली कंपनीचा अर्धा हिस्सा विकत घेतला व २०१२ साली उरलेलाही घेतला. शिष्याने गुरूचे घर विकत घेण्याचा हा प्रकार मौजेचा आहे. मात्र त्याच धंद्याची दुसरी बाजूही पाहावी. ठिबकाचा खप अनुदानावर विसंबला की पैसा शासनाच्या दारी अडकतो. २०१९ साली ही कंपनी कर्जफेडीत अडचणीत आली. त्याची कारणे अनेक असली तरी अनुदानाची रखडलेली येणी हे त्यांपैकी एक होते.

उरलेले अर्धे उत्तर आमच्याच हाती आहे. आम्ही ऊस काट्यावर घालतो, तेव्हा वजनात किलोची तूट आली तरी भांडतो. दूध फॅटवर देतो. उसाची दरनिश्चितीसुद्धा साखर-उताऱ्यावर होते. मग पाणीच तेवढे अंदाजाने का? २०२४ साली राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस वीज मोफत केली, तेव्हापासून स्वतःच्या पंपाचे पाणी वाचविण्याचे उरलेसुरले कारणही संपले. उपसा संस्थांचे पंप मोठे, त्यांना वीजबिल भरावे लागते. म्हणून मोजणीचा आरंभ संस्थेतच होणे शक्य आहे. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर ओझरच्या बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे ह्यांच्या प्रयत्नाने १९९० च्या दशकाच्या आरंभापासून शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था चालल्या, त्या घनमापानेच पाणी घेतात. आणि तेथे द्राक्षबागांस ठिबक लावा असा उपदेश करण्याची वेळ आली नाही. २००५ च्या कायद्याने अशा संस्थांस धरणाचे पाणी मोजून देण्याची तरतूदही केलेली आहे.

आमच्या उपसा संस्थेच्या वार्षिक सभेत आम्ही असे मांडले आहे की, पट्टीचा काही भाग एकरावर राहू द्यावा, कारण पाइपलाइन व पाटकऱ्याचा पगार चुकत नाही. उरलेला भाग मात्र मीटरवर घ्यावा. विरोध झाला तो मुख्यतः टोकाच्या शेतकऱ्यांकडून नव्हे, तर पंपाजवळच्यांकडून. एक आक्षेप मात्र खरा आहे: पावसाळ्यातील गाळाने मीटर अडकतो. त्यासाठी वाळूची गाळणी मीटरच्या अलीकडे, पंपाच्या बाजूस बसवावी, आणि दाबमापकाचा काटा गाळणीच्या दोहों बाजूंस वेगळा दिसू लागला की ती उलट्या प्रवाहाने धुवावी. पहिला मीटर आमच्याच दोन एकरांच्या मुखाशी बसविण्याचे आम्ही कबूल केले आहे. त्यावरील आकडे पुढील गळितापर्यंत ह्या मासिकात देऊ.