बातमीचा धनी

सातारा जिल्ह्याच्या उत्तरेस, नीरा नदी आणि खंबाटकी घाट यांच्या दरम्यान, खंडाळा हे तालुक्याचे गाव वसले आहे. पुण्याहून साताऱ्यास जाणारा हमरस्ता येथून पुढे घाट चढू लागतो. पुण्यात रात्री छापलेली वृत्तपत्रे याच वाटेने दक्षिणेकडील गावांस पोहोचत आली. काल घडलेली घटना आज सकाळी वाचावयास मिळते, याचेच लोकांना एके काळी नवल वाटे.

आता घाटात वाहने खोळंबली, तर ती वार्ता काही क्षणांत मोबाइलवर येते. लोणंदच्या बाजारातील कांद्याचा भाव शेतकऱ्यास बांधावर उभ्या उभ्या कळतो. 2020 साली टाळेबंदीच्या काळात अनेक ठिकाणी वृत्तपत्रे घरपोच मिळेनाशी झाली, तेव्हा कित्येक वाचक मोबाइलवरच बातम्या पाहू लागले. मग छापील वृत्तपत्राची आता गरज ती काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर केवळ वेगाच्या मापाने देता येणार नाही.

मराठीतील पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ हे बाळशास्त्री जांभेकर यांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत सुरू केले. त्याच्या पानावर एका स्तंभात मराठी व दुसऱ्यात इंग्रजी मजकूर असे. आरंभी ते पंधरा दिवसांनी निघे. आजच्या मानाने ही गती अगदीच मंद. तरीही महाराष्ट्र 6 जानेवारी हा दिवस ‘पत्रकार दिन’ म्हणून पाळतो. लोकांना ज्ञान व्हावे आणि सार्वजनिक गोष्टींचा विचार त्यांनी करावा, हा ‘दर्पण’चा हेतू होता. त्याचा मान या हेतूमुळे आहे, वेगामुळे नव्हे.

वृत्तपत्राच्या अंकावर, बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत एक मजकूर असतो. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, हे त्यात सांगितलेले असते. वाचक सहसा तिकडे पाहत नाहीत. परंतु त्या मजकुराचे मोल मोठे आहे. छापलेल्या शब्दाचा धनी कोण, हे त्यावरून कळते.

हे धनीपण निभावणे किती कठीण असते, ते ‘केसरी’च्या इतिहासात दिसते. 1881 साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत आहे, अशा समजुतीने या पत्रांनी तेथील कारभारी बर्वे यांच्यावर टीका केली. ज्या पत्रांच्या आधारे ती केली, ती पत्रे खोटी ठरली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली. तरी 1882 साली त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले. हेतू चांगला असला, तरी पुरावा पारखून घ्यावाच लागतो, हा या प्रसंगाचा धडा होय. चुकीचा जाब कोणाला विचारावा, हे मात्र तेव्हा सर्वांस ठाऊक होते.

आता याच्या उलट एक प्रसंग पाहा. 2018 साली मुले पळवणाऱ्या टोळ्या आल्याच्या अफवा मोबाइलवरून पसरल्या. त्या कोणी प्रथम लिहिल्या, हे पुढे पाठवणाऱ्यांस ठाऊक नव्हते. कोणी चौकशीही केली नाही. 1 जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच निरपराध माणसांचा जमावाने जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवता येऊ नये, अशी मर्यादा जाहीर केली. पण गेलेले प्राण परत आले नाहीत.

म्हणून छापील बातमी खरी आणि मोबाइलवरील खोटी, असे मानणे योग्य नव्हे. छापील वृत्तपत्रेही चुकतात. शिवाय मोबाइलवर प्रसिद्ध झालेली चूक तत्काळ सुधारता येते. मराठीतील मोठी दैनिके आज आपल्या बातम्या मोबाइलवरही देतात. अडचण निराळीच आहे. घटनास्थळी जाणे, दोन्ही बाजू ऐकणे, कागदपत्रे तपासणे, या कामांस वेळ लागतो आणि पैसाही. वृत्तपत्रांचा बराचसा खर्च जाहिरातींतून निघत असे. त्या जाहिराती आता मोठ्या प्रमाणात मोबाइलकडे वळल्या आहेत. खर्च भागेनासा झाला, तर लहान गावातील वार्ताहर प्रथम कमी होतो. आणि तो गेला, की त्या गावच्या पाण्याची, शाळेची, रस्त्याची दाद लागणे कठीण होते.

उद्या बातमी कागदावर येईल की काचेवर, हे काळ ठरवील. मात्र तिच्यापुढे आपले नाव लिहिण्यास कोणी तयार आहे काय, हे वाचकाने पाहिले पाहिजे. ज्या बातमीला धनी नाही, ती पुढे धाडणारा स्वतःच तिचा धनी होतो.

स्वाध्याय
1. ‘दर्पण’चा मान वेगामुळे का नाही?
2. टिळक-आगरकरांचा प्रसंग आणि राईनपाड्याचा प्रसंग यांतील फरक सांगा.
3. लहान गावातील वार्ताहर नसला, तर गावाचे कोणते नुकसान होते?
4. घरी आलेल्या एका वृत्तपत्रात मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे शोधून वहीत लिहा.