ठासणीच्या बंदुकीचे झिजलेले स्क्रू

प्रश्न : आमच्या वाड्यात पणजोबांची ठासणीची बंदूक आहे. परवाना वडिलांच्या नावावर. घोड्याजवळच्या पट्टीचे दोन स्क्रू गंजलेत, एकाची खाच झिजली आहे. सांगलीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून नवे बसवून घेऊ का?
– एक वाचक, वाई (जि. सातारा)

उत्तर : नको. आणि काळजीही नको, जुने स्क्रू बहुधा वाचतात. बाजारातला स्क्रू तिथे चालेल हा समज चुकीचा आहे. व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने आट्यांचे प्रमाण सुचवले १८४१ मध्ये. त्याआधी प्रत्येक कारागिराचे आटे निराळे. मेट्रिक स्क्रू जबरदस्तीने पिळला, तर भोकातले मूळ आटेच जातात.

नळीत जुनी दारू असू शकते आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. त्यामुळे स्क्रू तापवू नका, ठोकूही नका. वडिलांनी परवान्यासह बंदूक परवानाधारक शस्त्रदुरुस्तीकाराकडे न्यावी. लेथवाला कितीही कसबी असला, तरी १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना दुरुस्ती गुन्हा आहे.

दुरुस्तीकार आधी नळी तपासेल, मग स्क्रू तेलात मुरू देईल. खाचेत घट्ट बसेल असा पेचकस घासून घ्यायला त्याला जरूर सांगा. खाचेच्या उचकटलेल्या कडा हलक्या हाताने ठोकून परत बसवता येतात. स्क्रूची अदलाबदल मात्र होऊ देऊ नका. प्रत्येकाचे भोक ठरलेले असते.