इंग्रजीचे २०० गुण आणि मराठी माध्यमाची मुले

देवळाली कॅम्पातल्या मुलांना गणवेशाचे स्वप्न वेगळे दाखवावे लागत नाही. लष्कराचे आर्टिलरी स्कूल इथलेच, आणि सकाळी धावायला निघालेले जवान रोज दिसतात. पण एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, विषय निघाला की पालकांचा चेहरा उतरतो. मुलगा मराठी माध्यमातला, त्याच्या इंग्रजीचे कसे होणार?

भीती अगदीच निराधार नाही. एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची असते. गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६००. या ६०० पैकी २०० गुण इंग्रजीचे. प्रश्न ५०, प्रत्येकी ४ गुणांचे, आणि उत्तर चुकले की १.३३ गुण वजा. अंदाजाने गोल रंगवणाऱ्याला त्यातून सरासरी काहीच हाती लागत नाही.

मात्र या भीतीपोटी आठवी-नववीत माध्यम बदलू नये. त्या वयात विज्ञान-गणिताची घडी मोडते आणि व्याकरण होते तिथेच राहते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, म्हणजे बारावीच्या मुलाकडे बारा वर्षांचे इंग्रजी असते. ते पक्के करणे एवढेच काम उरते.

मराठी मुलांच्या बऱ्याच चुका ठरावीक असतात, कारण मनातले मराठी वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत उतरते. ‘मी दोन वर्षांपासून देवळालीत राहतो’ याचे ‘आय ॲम लिव्हिंग इन देवळाली सिन्स टू इयर्स’ होते. हवे असते ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन देवळाली फॉर टू इयर्स’. काळ कधी सुरू झाला ते सांगताना ‘सिन्स’, किती चालला ते सांगताना ‘फॉर’. ‘विषयाबद्दल चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ चिकटते, ‘त्याच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ’ होते. बरोबर रूप ‘मॅरीड टू’. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ लिहिणाऱ्याच्या हातून ‘फ्रेंड्स’चा ‘एस’ सुटतो. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांना तर मराठीत जोडच नाही, म्हणून ते गळतात. वाक्यातली चूक शोधण्याच्या प्रश्नांत नेमक्या अशाच जागा विचारल्या जातात.

म्हणून जाडजूड व्याकरणाचे पुस्तक पहिल्या पानापासून पाठ करण्यात अर्थ नाही. एक चुकांची वही करावी. चुकलेले वाक्य, त्याखाली दुरुस्त वाक्य आणि त्याच नियमावर स्वतःची दोन वाक्ये, तीही देवळालीतल्या लॅम रोडची, घरची, क्रिकेटची. रोज अर्धा तास पुरतो. कर्ता, कर्म, क्रियापद आणि काळ मराठीत नीट कळलेल्या मुलाला कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलण्याचा इंग्रजी नियम लवकर समजतो. तेव्हा मराठीच्या तासाकडेही दुर्लक्ष नको.

मुलींच्या पालकांनीही हे मनावर घ्यावे. २०२१ पासून एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली आहे आणि त्यांनाही हीच प्रश्नपत्रिका असते.

ही परीक्षा घेणाऱ्या यूपीएससीच्या संकेतस्थळावर मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मोफत मिळतात. महागड्या क्लासची फी भरण्याआधी त्यातले इंग्रजीचे ५० प्रश्न मुलाला घरी सोडवू द्या आणि कुठे चुकले ते त्याच्या शेजारी बसून पाहा.