माळरानाच्या पानातील अदृश्य वस्ती

नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावाभोवतीचे माळरान फाल्गुनात पाहिले तर ते ओसाड भासते. पळसाला फुले असतात, पाने नसतात. कुसळी वाळलेली आणि रोशा गवताचा केवळ वास उरलेला. तथापि याच वनस्पतींच्या आत एक दाट वस्ती नांदत असते. ती आहे कवकांची, म्हणजे बुरशींची. झाडास रोग न करता त्याच्या ऊतींत राहणाऱ्या या कवकांना अंतर्वासी कवके म्हणतात.

ती ओळखण्याची रीत सोपी, पण काटेकोर आहे. निरोगी पानाचा तुकडा अल्कोहोल व सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून त्याचा पृष्ठभाग निर्जंतुक करतात आणि तो आगराच्या थाळीवर ठेवतात. काही दिवसांत कापलेल्या कडांतून पांढरे, करडे तंतू डोकावू लागतात. शेवटच्या धुण्याचे पाणीही वेगळ्या थाळीवर घालून पाहतात. त्यातून काही उगवले तर तो प्रयोग बाद समजावा.

पनामाच्या दमट अरण्यातील दोन वृक्षजातींच्या अवघ्या ८३ पानांतून ४१८ प्रकारची कवके मिळाल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडील चित्र निराळे आहे. निलगिरी परिसरातील मुदुमलैच्या वनांत डॉ. टी. एस. सूर्यनारायणन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात कोरड्या वनांतील पानांत कवकांच्या जाती तुलनेने कमी, परंतु त्याच जाती अनेक वृक्षांत पसरलेल्या आढळल्या. पावसाळ्यात त्यांचे प्रमाण वाढते. कारण उघड आहे. पळसाचे कोवळे पान उमलते तेव्हा ते बहुतांशी कवकमुक्त असते. शेजारच्या पाचोळ्यातील बीजाणू वाऱ्यापावसाबरोबर येऊन त्यात शिरतात. माळाला वणवा लागला तरी सारे संपत नाही. पश्चिम घाटातील पाचोळ्यावरच्या काही कवकांचे बीजाणू शंभर अंश सेल्सिअसहून अधिक कोरडी उष्णता सोसतात, असे याच संशोधकांच्या चमूने २०११ मध्ये दाखविले.

म्हणजे वस्ती टिकते ती एका झाडाच्या नव्हे, शेजाऱ्यांच्या बळावर. नेमका हाच शेजार आपण मोडतो. झुडपी जमिनीची गणना राष्ट्रीय नकाशासंग्रहात पडीक जमिनीत होते, आणि पडीक म्हटले की खड्डे खणून एकाच परक्या जातीची रोपे लावण्याचा मोह होतो. हिरवळ दिसते, छायाचित्रही चांगले येते. पण बोर, धावडा, अंजन, कुसळी यांचा मिश्र पाचोळा गेला की कोवळ्या पानापर्यंत बीजाणू पोहोचण्याची वाट आखडते.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती लोक जैवविविधता नोंदवही तयार करते. गायरानावर रोपवनाचा ठराव येण्यापूर्वी तेथील गवतांची व झुडपांची नोंद तीत व्हावी; भिली व पावरी नावे जाणत्या वडीलधाऱ्यांकडून घ्यावीत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी प्रत्येक वनस्पतीचा नमुना कागदात दाबून वाळवावा आणि त्यावर ठिकाण व तारीख लिहावी. पुढे कोणी कवकांचा अभ्यासक आला तर कोणते पान कोठून खुडायचे, हे त्याला त्या कागदावरून कळेल.