हौस गाडीची की शर्यतीची?

अणदूरसारख्या गावात नववी-दहावीतल्या पोराने "मला डर्ट बाइक रेसिंग करायचंय" म्हटलं की घरात दोन गोष्टी ठरलेल्या. वडील म्हणतात, "आधी दहावीचं बघ." आई काही बोलत नाही, पण गाडीची चावी धान्याच्या डब्यात जाते. दोघांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. गावाला लागून सोलापूर-हैदराबाद महामार्ग, त्यावर रात्रंदिवस ट्रक, आणि पोराच्या मोबाइलवर हवेत उडणाऱ्या गाड्या. एवढं काळजीला पुरतं. फक्त चावी लपवून प्रश्न मिटत नाही. पोरगं मित्राची गाडी घेतं आणि नळदुर्गच्या रस्त्याला लागतं.

म्हणून आधी कायद्याचं बोलू. अठरा वर्षांखालच्या मुलाला गिअरची मोटरसायकल सार्वजनिक रस्त्यावर चालवताच येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ज्याला पुढे याच क्षेत्रात पोट भरायचंय त्याचं लायसन्सच पंचविशीपर्यंत लांबलं, तर उरलं काय? शर्यतीच्या ट्रॅकचं तसं नाही. तो बंदिस्त असतो, तिथे वयानुसार गट असतात, डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स उभी असते. महामार्गावर पोरगं जे करतं त्याचा आणि या खेळाचा काडीचा संबंध नाही.

खेळ कसा असतो तेही पाहून घ्या. मातीच्या नैसर्गिक चढउताराच्या ट्रॅकवर होतं ते मोटोक्रॉस. स्टेडियममध्ये माती ओतून उड्यांचे उंचवटे रचले की सुपरक्रॉस. आपल्याकडे सुपरक्रॉसच जास्त चालतं, आणि पुणे हे त्याचं महाराष्ट्रातलं मोठं ठाणं. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. तिथे ४५० आणि २५० सीसीच्या परदेशी चालकांसोबत लहान मुलांचा ८५ सीसीचा गटही धावला. पुण्याचा ऋग्वेद बारगुजे अशाच ट्रॅकवर नावारूपाला आला.

इथे एक कडू गोष्ट सांगून टाकतो. शहरातली मुलं सहाव्या-सातव्या वर्षी ५० सीसीवर बसतात, मग ६५, मग ८५. पंधराव्या वर्षी पहिल्यांदा ट्रॅक पाहणारा अणदूरचा मुलगा त्यांच्या आठ-नऊ वर्षं मागे असतो. सुपरक्रॉसमध्ये हे अंतर भरून काढणं फार अवघड. पण लांब पल्ल्याच्या रॅलीत गणित बदलतं, कारण तिथे उडीपेक्षा दम, नकाशा वाचणं आणि गाडी सांभाळणं यांना जास्त किंमत. डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष २०१५ मध्ये तिथे उतरला तेव्हा तिशी ओलांडलेला होता. २०२४ च्या डाकारमध्ये एकूण अकरावा आलेला आणि रॅली-२ गट जिंकलेला हरिथ नोआ हा केरळातल्या शोरनूरचा. शोरनूर म्हणजे रेल्वे जंक्शनचं गाव, महानगर नव्हे. दोघेही आधी सुपरक्रॉस-मोटोक्रॉसमध्येच घडले, हे मात्र विसरू नका.

आता मुद्द्याचं. पोराला गाडीची हौस आहे की शर्यतीची, हे आधी ओळखायला हवं, आणि ते ओळखायला नवी गाडी घ्यावी लागत नाही. गाडीची हौस असलेल्याला आवाज लागतो, बघणारे लागतात, सायलेन्सरची जाळी काढायची असते. शर्यतीची हौस असलेला एकच वळण चाळीसदा घेतो, तेही कोणी बघत नसताना. सहा महिने असे जाऊ द्या. घरी असेल ती सायकल घेऊन मुरमाड माळावर एक वाटोळी वाट आखून द्या. काळ्या रानात नको, पावसात चिखल चाकाला गच्च धरतो आणि उन्हाळ्यात भेगांत चाक अडकतं. सीटवर न बसता पायडलवर उभं राहून, गुडघे थोडे वाकवून, नजर पुढच्या चाकावर न ठेवता दहा-पंधरा फूट पुढे ठेवून त्या वाटेवर रोज अर्धा तास. डर्ट बाइकवरही हेच करायचं असतं, पायडलच्या जागी फूटपेग. गाडी पायांनी आणि मांड्यांनी धरायची, हात सैल. नवशिका हँडल करकचून आवळतो आणि काही मिनिटांत त्याचे मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू दगडासारखे होतात, बोटांना क्लच ओढवत नाही. तालमीत जाणारी किंवा कबड्डी खेळणारी पोरं इथे पुढे असतात. कंबर आणि पाठ आधीच तयार असते.

सायकलीबरोबर दुसरं काम द्या, आणि खरी परीक्षा तीच. गावातल्या एखाद्या मिस्त्रीकडे सुट्टीत रोज दोन तास बसवा. डर्ट बाइकचा हिशेब किलोमीटरवर नसतो, इंजिन किती तास चाललं यावर असतो, आणि ती सतत हात मागते. स्पंजाचा हवा फिल्टर प्रत्येक सरावानंतर काढायचा, धुवायचा, पिळवटून न काढता दाबून पाणी काढायचं, सावलीत वाळवायचा आणि फिल्टरचं तेल सगळीकडे सारखं लागेपर्यंत चोळायचं. एक कोपरा कोरडा राहिला की तिथून धूळ आत जाते आणि पिस्टन-सिलिंडर खाते. चेन, स्पोक, ब्रेक, नट-बोल्ट रोज. ज्या पोराला हे काम कंटाळवाणं वाटतं त्याला मी रेसिंगची वाट दाखवत नाही. हात काळे करून जो रात्री जेवताना फिल्टरचंच बोलत बसतो, त्याच्यासाठी पुढचा खर्च करायला हरकत नाही.

तो खर्चही लगेच गाडीचा नको. प्रशिक्षणकेंद्राच्या गाडीवर दोन-तीन दिवस शिकवा. संतोष यांनी उभं केलेलं बिग रॉक डर्ट पार्क बंगळुरूजवळ कोलारकडे आहे. सोलापुरातून उद्यान एक्स्प्रेस बंगळुरूला जाते. पुण्याच्या आसपासही शिकवणारे आहेत, पण पैसे भरण्याआधी पालकांनी स्वतः जाऊन बघावं: शिकवणारा स्वतः राष्ट्रीय स्पर्धेत उतरलाय का, मुलांच्या उंचीची गाडी आहे का, पडलं तर दवाखाना किती लांब. आणि पोराला तिथे सोडून चहाला जाऊ नका. कडेला उभे राहून तो पडल्यावर काय करतो ते पाहा. उठून गाडी उचलतो, की आधी तुमच्याकडे बघतो?

स्पर्धेत उतरायचं तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचं स्पर्धा-लायसन्स लागतं. देशातल्या मोटरस्पोर्टची ही मान्यताप्राप्त संस्था. अल्पवयीन मुलासाठी पालकांची लेखी संमती आणि डॉक्टरचा दाखला द्यावा लागतो. जी स्पर्धा हे काही विचारत नाही, नुसती प्रवेश फी घेते, तिच्यापासून चार हात लांब राहा, बक्षीस कितीही मोठं असो.

पैशाचं बोलणं टाळून चालणार नाही. कावासाकीची मुलांसाठीची केएक्स ६५ ही छोटी गाडीसुद्धा तीन लाखांच्या आसपास जाते. तिला नंबर प्लेट नसते, ती रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणजे प्रत्येक सरावाला छोटा हत्ती भाड्याने घ्यायचा. हेल्मेट, गॉगल, मानेचं ब्रेस, छातीचं कवच, गुडघ्यांचे गार्ड आणि टाचेपासून पोटरीपर्यंत घट्ट धरणारे बूट असं सगळं नवं घेतलं तर पन्नासेक हजारांची तयारी ठेवा, आणि बूट वाढत्या पायाला दोन वर्षांत लहान होतात. मग टायर, पेट्रोल, पिस्टन, पुण्यापर्यंतचं तीनशे किलोमीटर. यासाठी रान गहाण टाकणाऱ्या बापाला मी स्पष्ट नाही म्हणतो. दिलासा एवढाच की परदेशी गाड्यांच्या गटांबरोबर आपल्याकडे भारतात बनलेल्या गाड्यांचेही गट असतात, आणि अठरा पूर्ण झाल्यावर हीरोच्या डर्ट बायकिंग चॅलेंजसारख्या हौशींच्या स्पर्धा खुल्या होतात. तोवर पोराने सायकल, व्यायाम आणि मिस्त्रीचं काम सोडलं नाही, तर ती वर्षं वाया जात नाहीत.

आता आई जे विचारत नाही ते. हो, हाडं मोडतात. गळ्याजवळचं हाड आणि मनगट तर नेहमीचं. जीवही जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर बंगळुरूच्या तेरा वर्षांच्या मुलाचा शर्यतीत मृत्यू झाला. तो डांबरी ट्रॅक होता, वेग निराळा होता, पण हे पोरापासून लपवू नका. त्याच्यासोबत बसून बोला. घरच्या आरोग्यविम्याचा कागदही काढा. व्यावसायिक म्हणून साहसी खेळ खेळताना झालेल्या इजेचा खर्च सहसा मिळत नाही, आणि त्या कलमात मोटर रेसिंगचं नाव असतं. आयोजकाचा विमा किती रकमेचा आहे हे अर्ज भरण्याआधी लेखी विचारा.

यावर पोट किती जणांचं भरतं? देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांचं, ज्यांना कंपनीच्या संघाचा करार मिळतो त्यांचं. खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही, त्यामुळे कुस्तीसारखी खेळाडू कोट्याची नोकरी मिळेल हे धरून चालू नका. म्हणून दहावीनंतर आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा ट्रेड किंवा ऑटोमोबाइलचा डिप्लोमा मी आग्रहाने सुचवतो. चाकणच्या पट्ट्यात मोटरसायकली बनतात, त्या बाजारात येण्याआधी चालवून बघणारे लागतात, आणि शॉकअप कुठे कमी पडतोय हे ज्याला बसल्या बसल्या कळतं आणि नीट सांगताही येतं, असा माणूस सहज मिळत नाही. संघांनाही मिस्त्री लागतात.

मुलींच्या पालकांचा प्रश्न माझ्याकडे क्वचित येतो. ऐश्वर्या पिस्से २०१९ मध्ये एफआयएम बाहा वर्ल्ड कपमध्ये महिला गटात विजेती ठरली, भारताचं मोटरस्पोर्टमधलं ते पहिलं जागतिक विजेतेपद. तेव्हा सहा महिन्यांची सायकलची परीक्षा घरात बहीण असेल तर तिलाही द्या.

आणि पुढच्या वेळी पुण्यात सुपरक्रॉस असेल तेव्हा तुम्हीच पोराला घेऊन जा. शर्यत संपल्यावर स्टँडमधून लगेच निघू नका. गाड्या धुतात त्या बाजूला जा, तिथल्या एखाद्या मुलाच्या वडिलांना विचारा की वर्षाला किती लागतात आणि शाळेचं काय करता. त्या माणसाला वेळ असेल तर तो तासभर बोलेल.