पणतीचा ऑल्ट रिकामा ठेव

चि. सोनू,



दिवाळी अंकाच्या वेबपानावर तू एकही चित्र ऑल्टशिवाय, म्हणजे शब्दांतल्या वर्णनाशिवाय, सोडलं नाहीस. मेहनत दिसते, पण ‘कोपऱ्यातली वेलबुट्टी’, ‘पणत्यांची रांग’, पुन्हा ‘पणत्यांची रांग’ हे लिहायला नको होतं. डोळ्यांनी वाचणाऱ्याला वेलबुट्टी ओझरती दिसते, तिच्यापायी वाक्य अडत नाही. स्क्रीन रीडर मात्र सगळं एकामागून एक बोलून दाखवतो. एनव्हीडीए घे की टॉकबॅक, कथा रंगात आली असताना मध्येच ‘पणत्यांची रांग’ ऐकू आली की रसभंग होतोच. म्हणून जे चित्र नुसतं शोभेचं, त्याचा ऑल्ट रिकामा ठेवावा. रिकामा म्हणजे लिहायचाच नाही असं मात्र नव्हे! ऑल्ट गाळलास तर स्क्रीन रीडर पुष्कळदा फाइलचं नावच वाचत बसतो. ऑल्ट लिहून अवतरणचिन्हांच्या आत काहीच ठेवलं नाहीस, तर तो चित्र ओलांडून पुढे जातो. २००८ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.० या वेब-सुलभतेच्या नियमावलीत १.१.१ हा पहिलाच निकष हेच सांगतो: शोभेचं चित्र सहायक साधनांना वगळता यावं.

तू म्हणशील, अंध वाचकानं सजावटीला का मुकावं? प्रश्न रास्त आहे. पण रांगोळीची शोभा तिच्या रंगरेषांत असते. ‘लाल-पिवळी रांगोळी’ एवढ्या शब्दांनी ती कानात उतरत नाही, उरतो तो अडथळा. तीच रांगोळी ठिपक्यांच्या रचनेवरच्या लेखात आली, तर ती मजकुराचाच भाग होते. तिथे किती ठिपके, कुठून रेघ वळली, हे नीट लिही. चित्रकार दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांवर लेख असेल, तर तिथेही हात आखडू नकोस. चित्र तेच असलं तरी निर्णय जागेवरून ठरतो, आणि म्हणूनच तपासणीच्या सॉफ्टवेअरवर विसंबू नकोस. ऑल्ट आहे की नाही हे ते सांगतं. तिथे तो हवा होता का, हे त्याला कळत नाही.

एका पणतीचा ऑल्ट मात्र रिकामा करू नकोस: वरच्या कोपऱ्यातली, जिच्यावर क्लिक केलं की अनुक्रमणिका उघडते. तसं केलंस तर त्या लिंकला नावच उरणार नाही. तिथे ‘पणती’ खोडून ‘अनुक्रमणिका’ लिही.

तुझा,
मामा